ज्याला त्याला फाउंडर व्हायचंय!

काय चाललंय काय हे? परवापरवापर्यंत मुलगा काय करतो असं विचारल्यावर ‘बँकेत आहे’ असं उत्तर आलं, की पोह्यांवर ओलं खोबरं पडायचं. ‘स्वतःचं काहीतरी करतो’ असं आलं, की नुसता चहा. आता बघा! ‘नोकरी करतो’ म्हणताना पोरगं मान खाली घालतं आणि ‘फाउंडर आहे’ म्हणणाऱ्याचा बाप कॉलर ताठ करतो. कशाचा फाउंडर, माल काय, गिऱ्हाईक कोण, हे विचारायचं नाही. विचारलंत तर तुम्ही मागासलेले. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असं घोकत घोकत ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ती कनिष्ठ नोकरीच घट्ट धरून ठेवली, त्या घरांतून ही भाषा?

बरं, ही साथ डोंबिवली ते सदाशिव पेठ एवढ्यापुरती असती, तर आपण दुर्लक्ष केलं असतं. (केलं नसतं, पण केलं असं सांगितलं असतं.) इथं अख्ख्या जगाच्या डोक्यावर परिणाम झालाय. राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, निवृत्त मॅनेजर, कॉलेज अर्धवट सोडलेली पोरं, सगळे एकाच रांगेत उभे. आणि गंमत म्हणजे वेड एक असलं, तरी लागण्याची तऱ्हा प्रत्येक देशाची वेगळी. जसा देश तसे चाळे.

सुरुवातीचं खापर फोडायचं तर कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजवर. पालो आल्टो गावात ३६७, ॲडिसन अव्हेन्यू या पत्त्यावर ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोस्तांनी १९३८-३९ च्या सुमाराला ५३८ डॉलरच्या भांडवलावर खटपट सुरू केली. चांगली गोष्ट आहे, कोण नाही म्हणतंय? पण पुढे तिथं ‘सिलिकन व्हॅलीचं जन्मस्थान’ अशी पाटी लागली आणि झालं की हो तीर्थक्षेत्र! लोक लांबून येतात, गॅरेजच्या दारासमोर फोटो काढून घेतात. तेव्हापासून गॅरेजशिवाय कुठल्याही कंपनीची पत्रिकाच जुळेना. गूगलचं गॅरेज, ॲमेझॉनचं गॅरेज, ॲपलचं तर विचारूच नका. खुद्द स्टीव्ह वॉझ्नियाक सांगून दमला की बाबांनो, ते गॅरेजचं प्रकरण बरंचसं दंतकथेतलं आहे, खरं काम तिथं फारसं झालंच नाही. पण भक्तांना देव सांगायला लागला तरी ते ऐकतात होय? आपल्याकडच्या वन-बीएचकेवाल्या होतकरूंची मात्र पंचाईत झाली. गाडीच रस्त्यावर उभी, गॅरेज आणायचं कुठून?

गॅरेजपर्यंत ठीक होतं. मग शिक्षणावर घसरले. पीटर थील नावाच्या धनाढ्यानं २०११ पासून चक्क कॉलेज सोडण्याचे पैसे द्यायला घेतले. तेव्हा वय विशीच्या आत लागायचं; दोन वर्षं अभ्यासाला रामराम ठोका, एक लाख डॉलर घ्या आणि काहीतरी उभं करा. अरे देवा! आपल्याकडे पोरांनी शाळा सोडू नये म्हणून सरकार रोज दुपारी खिचडी शिजवून घालतं, आणि तिकडे सोडावी म्हणून लाख डॉलर? आणि त्यातून सगळेच वाया गेले असते, तर निदान ‘बघा, आम्ही सांगितलं नव्हतं?’ असं म्हणायचं सुख तरी मिळालं असतं. पण तिथून इथीरियमवाला व्हिटालिक ब्यूटेरिन निघाला, ओयोचा रितेश अगरवाल निघाला. आता घरातल्या बारावीवाल्याला काय तोंडानं सांगायचं, की बाळा, आधी डिग्री?

कॉलेज सोडून काय काय होऊ शकतं याचा दुसरा नमुना म्हणजे एलिझाबेथ होम्स. एकोणिसाव्या वर्षी स्टॅनफर्ड सोडलं, २००३ मध्ये थेरानोस काढली. बोटाच्या टोकाला टोचून निघालेल्या थेंबभर रक्तात वाटेल त्या तपासण्या करून देते म्हणाली. उंच गळ्याचा काळा स्वेटर, घोगरा आवाज, रोखलेली नजर. अहाहा, सोंग आणावं तर असं! कंपनीची किंमत नऊ अब्ज डॉलरवर गेली. संचालक मंडळावर कोण, तर हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ, म्हणजे अमेरिकेचे दोन माजी परराष्ट्रमंत्री. रक्ततपासणीच्या धंद्यात परराष्ट्रमंत्री कशाला हो? साखर वाढली तर तह करायला? यंत्र मात्र धड चालतच नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये कोर्टानं दोषी ठरवलं, त्याच वर्षी अकरा वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली. ती पुस्तकं, तो माहितीपट, ती मालिका, आपण सगळं एका बैठकीत संपवलं. निषेध म्हणून हं, फक्त निषेध म्हणून.

आणि तो फळांचा रस? ज्युसेरो नावाच्या कंपनीनं वायफायला जोडलेलं रस काढायचं यंत्र आणलं. किंमत आधी सातशे डॉलरच्या घरात, मग उतरून चारशे. त्यात कंपनीचीच फळांची पाकिटं घालायची, बटण दाबायचं, रस पेल्यात. गुंतवणूकदारांनी बारा कोटी डॉलरच्या आसपास ओतले. २०१७ साली पत्रकारांनी ते पाकीट हातात घेऊन नुसतं पिळलं. निघाला की रस! तेवढाच, तितक्याच वेळात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा. त्याच वर्षी गाशा गुंडाळला.

पण राजा म्हणावा तर ॲडम न्यूमन. धंदा काय, तर मोठी जागा भाड्यानं घ्यायची, काचेच्या भिंती घालून तुकडे पाडायचे, कोपऱ्यात बिअरचा नळ लावायचा आणि पुन्हा भाड्यानं द्यायची. आपल्याकडे याला पोटभाडेकरू ठेवणं म्हणतात आणि त्यावरून कोर्टकज्जे होतात. यानं मात्र आपल्या वीवर्क कंपनीचं ध्येय जगाची चेतना उंचावण्याचं असल्याचं शेअरविक्रीच्या कागदपत्रात लिहिलं! जपानचे मासायोशी सोन यांना त्यानं कंपनीची जागा हिंडून दाखवली, जेमतेम बारा मिनिटं. आणि सोन यांच्या सॉफ्टबँकेनं २०१७ मध्ये ४४० कोटी डॉलर घातले. आपण मंडईत पावशेर भेंडी निवडतो ती यापेक्षा जास्त चौकशी करून. जानेवारी २०१९ मध्ये किंमत ४७ अब्ज डॉलर. मधल्या काळात ‘वी’ या नावाचे हक्क न्यूमनच्याच एका कंपनीनं वीवर्कला ५९ लाख डॉलरना दिले; बोंबाबोंब झाल्यावर पैसे परत केले म्हणा. सप्टेंबरात शेअरविक्री गुंडाळली, न्यूमनला खुर्ची सोडावी लागली, आणि २०२३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आयजीच्या जिवावर बायजी उदार! आता तुम्ही म्हणाल, या माणसाला पुन्हा दारात कोण उभं करील? उभं काय, २०२२ साली त्याच्या नव्या कंपनीत एका नामांकित गुंतवणूक संस्थेनं पस्तीस कोटी डॉलरच्या आसपास घातले. आणि आपण दोन हप्ते चुकवले तर बँक पुन्हा दारात उभं करत नाही.

तरी म्हटलं, बुडाल्यावर माणूस जरा तोंड लपवेल. छे! आता बुडण्याचे सोहळे होतात. सॅन फ्रान्सिस्कोत २००९ पासून अपयशाची परिषद भरायला लागली. मेक्सिको सिटीत २०१२ साली काही मित्रांनी आपापला धंदा कसा झोपला हे चारचौघांत सांगायची रात्र सुरू केली. त्या कार्यक्रमाचं नाव सभ्य घरात घेण्यासारखं नाही, पण ते लोण जगभरच्या शेकडो शहरांत पसरलंय. आणि फिनलंडनं तर कमाल केली. २०१० पासून तिथं १३ ऑक्टोबर हा अपयशाचा दिवस! पडलो तरी नाक वर हे आपण हसून म्हणायचो, यांनी त्याचं कॅलेंडर छापलं. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. नोकिया म्हणजे त्या देशाचा कमावता थोरला मुलगा. तोच अंथरुणाला खिळल्यावर धाकट्यांना हातपाय हलवावे लागणारच. अँग्री बर्ड्स बनवणाऱ्या रोव्हिओ कंपनीचे आधीचे एक्कावन्न गेम येऊन गेले, बावन्नाव्याला पक्षी उडाले. एक्कावन्न! आपल्या घरात तिसऱ्या प्रयत्नाला एमपीएससीचा फॉर्म हिसकावून घेतात. शिवाय हेलसिंकीतला ‘स्लश’ हा स्टार्टअपवाल्यांचा महामेळावा भरतो कधी, तर नोव्हेंबरात. दुपारीच अंधार, रस्त्यावर बर्फाचा चिखल, आणि आत लेझरच्या झोतात हजारो पोरं गुंतवणूकदार शोधत हिंडतायत. उन्हाळ्यात भरवला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही, वेडालाही शिस्त हवी.

बाकी नावं ठेवण्यात तर कोणीच मागे नाही. एक सिलिकन व्हॅली झाली म्हटल्यावर गावोगाव बारसं. इस्रायलात सिलिकन वाडी, स्कॉटलंडात सिलिकन ग्लेन, डब्लिनला सिलिकन डॉक्स, केनियात सिलिकन सव्हाना. लंडनवाल्यांकडे दरी नाही, माळ नाही, तर त्यांनी ओल्ड स्ट्रीटच्या वाहतुकीच्या चौकालाच सिलिकन राउंडअबाउट म्हटलं. २००८ मधली ती मुळात थट्टा होती. दोन वर्षांत पंतप्रधान कॅमेरून त्याच भागात येऊन टेक सिटीची घोषणा करून गेले. थट्टेचं धोरण व्हायला इतका कमी वेळ लागतो हे आपल्याला माहीत असतं, तर आपणही स्वारगेटबद्दल काहीतरी बोलून ठेवलं असतं.

सरकारांचं तर काय वर्णावं! चिली देशानं २०१० मध्ये परदेशी पोरांना सांगितलं, या, वर्षभराचा व्हिसा घ्या, चाळीस हजार डॉलर घ्या, कंपनीतला एक टक्काही आम्हाला नको, फक्त आमच्याकडे राहून धंदा करा. घरच्यांना सोडून पाहुण्यांना पंगत! इस्रायलनं १९९३ मध्ये दहा कोटी डॉलरची ‘योझ्मा’ योजना काढून परदेशी गुंतवणूकदारांना आमंत्रण धाडलं, आणि पाच वर्षांत तिथल्या चार पोरांची ऑनलाइन गप्पा मारायची आयसीक्यू सेवा अमेरिकेच्या एओएलनं चाळीस कोटी डॉलरच्या वर मोजून घेतली. चला, तिथं निदान आवळा देऊन कोहळा निघाला. एस्टोनियाची लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या महापालिकेएवढी. त्यांनी २०१४ च्या शेवटी जगातल्या कोणालाही डिजिटल रहिवासी करून घ्यायची सोय काढली. एस्टोनियात पाऊल न टाकता तिथली कंपनी तुमच्या नावावर. लाखाच्या वर लोकांनी ते कार्ड घेतलंय. फ्रान्स? ज्या देशात संप हा ऋतू मानला जातो, तिथले राष्ट्राध्यक्ष माक्राँ २०१७ मध्ये म्हणाले की फ्रान्स हे स्टार्टअप राष्ट्र व्हावं. त्याच वर्षी पॅरिसात रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यात स्टेशन एफ उघडलं, हजार स्टार्टअप एका छपराखाली. जर्मनीच्या झामवेर बंधूंनी तर उगाच डोकं चालवायचा त्रासच घेतला नाही. १९९९ मध्ये ईबेची हुबेहूब नक्कल काढली, आणि काही महिन्यांत ती खुद्द ईबेलाच चार कोटी डॉलरच्या वर विकली! मग हाच धंदा. अमेरिकेत जे चालेल त्याची बर्लिनमध्ये प्रत. परीक्षेत कॉपी करताना सापडलो तेव्हा आपल्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं, यांना चेक मिळाला.

पण करायचंच तर चीनसारखं करावं. तिथं सगळंच घाऊक. १९८० मध्ये वेन्झू शहरात झांग हुआमेई या बटणं-बिटणं विकणाऱ्या तरुणीला खासगी धंद्याचा देशातला पहिला परवाना मिळाला, तेव्हा असा गल्ल्यावरचा धंदा म्हणजे कमीपणाचं काम. नोकरी सरकारी, थाळी सरकारी, तेच सन्मानाचं. आणि तीसेक वर्षांनी? सप्टेंबर २०१४ मध्ये पंतप्रधान ली कछ्यांग यांनी तियानजिनच्या व्यासपीठावरून सांगितलं, सर्वांनी उद्योजक व्हा. वरून आदेश आला म्हटल्यावर कोण मागे राहणार? रोज सरासरी दहा हजारांच्या वर नव्या कंपन्या नोंदवल्या जायला लागल्या. रोज! पेइचिंगच्या झोंगग्वानत्सून भागात तर एक रस्ताच्या रस्ता स्टार्टअपच्या कॅफेंना दिला. एक कप कॉफी घ्यायची, दिवसभर टेबल अडवायचं, शेजारच्या टेबलावर गुंतवणूकदार बसलाय का ते बघायचं. (आपल्याकडच्या इराण्यांनी ‘येथे जास्त वेळ बसू नये’ अशा पाट्या लावून केवढी संधी घालवली बघा.) २०१५ मध्ये पंतप्रधान स्वतः तिथल्या एका कॅफेत येऊन कॉफी पिऊन गेले.

मग सुरू झाला वाटून घेण्याचा धुमाकूळ. सायकल वाटून, चार्जर वाटून, बास्केटबॉलचा चेंडू वाटून. डुलकी काढायच्या पेट्यासुद्धा भाड्यानं! शेन्झेनच्या एका कंपनीनं छत्र्या वाटल्या. अकरा शहरांत तीन लाख छत्र्या. पाऊस आला, लोकांनी छत्री घेतली, लोक घरी गेले, छत्रीही घरी गेली. काही महिन्यांत जवळपास सगळ्या बेपत्ता. हपापाचा माल गपापा! यावर मालकानं काय केलं असेल? डोकं धरून बसला? अजिबात नाही. आता तीन कोटी छत्र्या आणतो म्हणाला. या आत्मविश्वासाला पुरून उरेल असा पाऊस कुठं पडतो?

आणि ओफो! पेइचिंग विद्यापीठातल्या पोरांनी २०१४ मध्ये काढलेली ती पिवळी सायकल. कुठूनही उचला, कुठंही सोडा. नारंगी मोबाइक तिची सवत. दोघींच्या भांडणात शहरांच्या पदपथांवर पाय ठेवायला जागा राहिली नाही, गावाबाहेर सायकलींचे डोंगर उभे राहिले. आकाशातून काढलेले त्यांचे फोटो इतके रंगीत की लोकांना आधी फुलांची शेती वाटली. २०१८ च्या डिसेंबरात अनामत परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या पुढे गेली. रक्कम किती, तर ९९ नाही तर १९९ युआन. तेवढ्यासाठी लोक थंडीत कंपनीच्या दारात ताटकळले. फार हसू नका. त्याच साली या सायकली आपल्या पुण्यातही आल्या होत्या. एके काळच्या सायकलींच्या शहराला चीननं सायकल शिकवावी! आपणही ॲप उतरवून घेतलं, औंधात एक चक्कर मारली, फोटो टाकला. सायकली आल्या तशा गेल्या.

कोरियाची गोष्ट मात्र खमंगही आणि जरा तिखटही. दक्षिण कोरियात मोठ्या कंपनीत चिकटलं की जन्माचं सोनं, असं होतं. मग १९९७ चं आर्थिक संकट आलं, भरल्या संसाराची माणसं घरी बसली. तशीही तिथं पन्नाशी ओलांडली की साहेब दाराकडे बोट दाखवतो, आणि पेन्शन तुटपुंजी. करायचं काय? तळलेल्या चिकनचं दुकान! फ्रँचायझी घ्यायची, ग्रॅच्युइटी ओतायची, एप्रन बांधायचा. काल ज्याच्या सहीशिवाय जहाज हलत नव्हतं तो आज विचारतोय, साहेब, तिखट की गोड? २००२ च्या फुटबॉल विश्वचषकात अख्ख्या देशानं टीव्हीसमोर बसून चिकन आणि बिअर रिचवली, मग तर विचारायलाच नको. जगभर मिळून मॅकडोनाल्डची जेवढी दुकानं, त्याहून एकट्या कोरियात चिकनची जास्त! २०१९ च्या एका पाहणीत आकडा ८७ हजारांच्या आसपास होता, आणि उघडणाऱ्यांपेक्षा बंद पडणारी जास्त. तिथली पोरं थट्टेनं तक्ता काढतात: विज्ञान शाखा घ्या, कला शाखा घ्या, पुढे इंजिनिअर व्हा नाही तर बेकार राहा, बाण शेवटी चिकनच्या दुकानातच जातो. त्यावर २०१९ मध्ये एक सिनेमाही आला, ‘एक्स्ट्रीम जॉब’. पोलिस गुन्हेगारांवर पाळत ठेवायला खोटं चिकनचं दुकान काढतात आणि ते इतकं धो धो चालतं की तपासाला सवड मिळेना. गल्ल्यावर त्या सिनेमानं विक्रम केले. म्हणजे चिकनच्या दुकानातून खरोखर पैसा काढला तो सिनेमावाल्यांनी.

आता जरा उलटी गंमत. जगात कोण किती उद्योजक हे मोजणारी एक मोठी पाहणी १९९९ पासून दरवर्षी निघते. आपल्याला वाटतं, पहिली अमेरिका असणार. कुठली! युगांडा आणि तिचे भाऊबंद कितीतरी वर. २०१५ च्या सुमाराला युगांडाला जगातला सर्वांत उद्योजक देश म्हणून मिरवलंदेखील. चौथ्या हिश्श्याहून जास्त प्रौढ माणसं आपापल्या धंद्यात. जपान, जर्मनी, इटली रांगेत पार खाली. याचं रहस्य सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. जिथं नोकरीच नाही तिथं माणूस केळी विकणार, मोटारसायकलवर सवारी बसवणार, केस कापणार. आणि चाळीसांपैकी एकाही स्लाइडमध्ये ‘आम्ही केळी-क्षेत्रात क्रांती घडवत आहोत’ असं लिहिणार नाही. केनियात रस्त्याकडेला रणरणत्या उन्हात पत्र्याच्या पेट्या, शेगड्या, पलंग ठोकणारे हजारो कारागीर आहेत. त्यांना ‘जुआ काली’ म्हणतात, कडक ऊन. नैरोबीपासून साठेक किलोमीटरवर कोन्झा नावाचं झगमगीत तंत्रनगर उभारायची कुदळ २०१३ मध्ये मारली, तिथं वर्षानुवर्षं माळरानच दिसत राहिलं. आणि इकडे २००७ मध्ये आलेल्या एम-पेसावर त्याच उन्हातल्या लोकांनी साध्या फोनवरून पैसे फिरवून जगाला तोंडात बोट घालायला लावलं. मोबाइलच्या रिचार्जवाल्याची टपरी हीच तिथली बँक झाली. आपल्याकडे क्यूआर कोडचं कौतुक तेव्हा पाळण्यातही नव्हतं.

पण राजकारणी कुठल्याही देशाचा असो, वारा कुठून येतोय ते त्याला आधी कळतं. विल्यम रुटो यांनी २०२२ ची निवडणूक ‘हसलर’ या एकाच शब्दावर लढवली. मीही रस्त्याच्या कडेला कोंबड्या विकल्यात, मीही तुमच्यातलाच! पक्षाची निशाणी काय, तर बांधकामावर वाळू वाहतात ती एका चाकाची ढकलगाडी. देशभर ढकलगाड्या वाटल्या. निवडून आले, आणि नोव्हेंबरात हसलर फंड काढला. फोनवरून पाचशे शिलिंगपासून कर्ज. आपले पुढारी चहाची टपरी, रिक्षा वगैरे सांगतात तेव्हा आपण उगाच नाकं मुरडतो. जगात रीतच पडलीय.

आणि हे सगळं आपल्या दिवाणखान्यात कोणी आणून ओतलं? अमेरिकेनं? नाही हो. जपाननं! ज्या देशात एकाच कंपनीत आयुष्य काढणं हा धर्म, त्या देशाच्या टीव्हीवर २००१ मध्ये ‘मनी नो तोरा’ सुरू झाला. पुढ्यात नोटांची चळत घेतलेले धनिक वाघ, आणि समोर घाम पुसत उभा राहिलेला होतकरू. धंदा स्वतः करायची भीती, पण दुसऱ्याला करताना बघायची हौस दांडगी. ब्रिटननं ते उचललं, वाघांचे ड्रॅगन झाले. जर्मनीत सिंह झाले. अमेरिकेत गेले ते शार्क होऊन. एकाही देशाला गाय ठेवावीशी वाटली नाही! २०२१ च्या डिसेंबरात शार्क आपल्याकडे पोहोचले, आणि त्यानंतर मराठी घरात जे सुरू झालंय ते बघवत नाही. आजी, ज्यांनी हयातभर पोस्टाच्या आरडीपलीकडे पाऊल टाकलं नाही, त्या जेवणाचं ताट घेऊन म्हणतात, ‘व्हॅल्युएशन फारच लावलंय मेल्यानं.’ आजोबा मार्जिन विचारतात. सातवीतला नातू खोलीतून ओरडतो, रॉयल्टी नको घेऊ म्हणावं! तुळशीबागेत बांगड्यांचा भाव करताना बायका विक्रेत्याला म्हणे ‘तुमची कस्टमर ॲक्विझिशन कॉस्ट किती पडते’ असं विचारतात. ऐकीव आहे, पण खोटं वाटत नाही.

आणि पूर्वी? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी बढती डावलल्यावर सोडली, बेळगावात सायकलचं दुकान चालवलं, मग नांगर केले. बिचाऱ्यांना कोणी सांगितलंच नाही की याला ‘पिव्हट’ म्हणतात. आज असते तर त्यांनी राजीनाम्यावरच तीन पोस्ट टाकल्या असत्या, प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर.

कारण आता टाकाव्याच लागतात. पहाटे पाचला उठल्याची एक, पहिलं गिऱ्हाईक मिळाल्याची एक, आणि गिऱ्हाईक गेल्याची सर्वांत लांब. आपल्या ओळखीतले ते काका, व्हीआरएस घेऊन चहाची फ्रँचायझी काढणारे? गल्लीत आधीच पाच अमृततुल्यं होती, हे सहावे. ताईंच्या साड्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप? न विचारता आपल्याला ॲड केलंय, आणि आपण तो म्यूट करून रोज रात्री चाळतो. लॉकडाउनमध्ये घरोघरी फेसाळलेले ते केक? अर्ध्या जणींनी पेटीचा रंग ठरवायला एक महिना घेतला, केक मग दीड दिवसात शिकल्या. पी हळद आणि हो गोरी! बिझनेस कोच म्हणवणारे तर इतके झालेत, की ते एकमेकांनाच शिकवून जगत असावेत.

हसताय काय? तुमच्या मोबाइलमध्ये ‘आयडिया’ नावाची नोट नाही? तिच्यात ‘डबा + ॲप??’ असं रात्री पावणेदोनला लिहिलेलं नाही? डोमेन मिळतंय का ते तुम्ही कधीच बघितलं नाही? ते कोणीतरी आधीच घेतलंय हे कळल्यावर दोन दिवस जेवण गोड लागलं होतं? ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेब बोलत असताना वहीच्या मागच्या पानावर लोगो कोणी काढला होता? जाऊ द्या. आम्हीही कोणाला सांगणार नाही. आमच्याही वहीची मागची पानं सगळी भरलीत.

आता अडलंय ते एकाच ठिकाणी. झाडून सगळे फाउंडर झाल्यावर कामाला कोण? आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींचा भाजणीचा ब्रँड तयार आहे. लोगो झाला, बरण्या आल्या, मोठ्या मुलानं डेक बनवलंय, धाकटा को-फाउंडर आहे, नवरा मार्गदर्शक. भाजणी गिरणीतून दळून आणायला आणि हिशेब लिहायला तेवढं माणूस मिळेना. तुमच्या पाहण्यात कोणी असेल तर जरूर कळवा. पगाराचं मात्र विचारू नका. इक्विटी देणार आहेत.